आपोआप सरकणारा फोटो स्लाइडशो कुठे अडकतो, आणि न अडकणारा कसा बनवायचा

प्रोजेक्टर लागतो, पहिला फोटो पडद्यावर येतो आणि तिथेच बसून राहतो. मग कुणीतरी धावत येऊन माउस शोधतं, आणि आपोआप चालायचा स्लाइडशो पुढचा अर्धा तास हातानेच सरकवला जातो. हे वारंवार होतं, कारण 'आपोआप' असं एकच बटण पॉवरपॉइंटमध्ये नाही. त्याचे तीन खटके आहेत आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी आहेत: प्रत्येक फोटो किती सेकंद थांबणार, ते सेकंद शो चालताना वापरायचे की नाही, आणि शेवटच्या फोटोनंतर पुन्हा पहिल्यावर यायचं की नाही. बहुतेक जण पहिला खटका दाबतात आणि काम झालं असं समजतात.

दुसरी चूक क्रमाची. फोटो टाकता टाकताच वेळ लावली जाते, मग फोटो बदलतात, नवे मध्ये घुसतात, आणि शेवटी एका क्लिकमध्ये सगळ्या वेळा पुसल्या जातात. म्हणून आधी फोटो पूर्ण तयार, मग मांडणी, मग वेळ, मग आवाज आणि सगळ्यात शेवटी फेरी, हा क्रम मोडू नका. खालच्या पायऱ्या विंडोजवरच्या पॉवरपॉइंटच्या आहेत. इतर सॉफ्टवेअरमधला फरक शेवटी दिला आहे.

१. आधी ठरवा: शो चालू असताना माणूस जवळ असेल का?

या एका प्रश्नावर पुढची अर्धी सेटिंग्ज ठरतात. प्रकार तीन.

पहिला, भाषणाआधी लोक येऊन बसत असताना मागे फिरत राहणारा शो. त्याची वेगळी फाइल करा. वक्ता उभा राहिला की एस्केप दाबून ती बंद करायची आणि मुख्य प्रेझेंटेशन सुरू करायचं.

दुसरा, भाषणाच्या मध्येच आपोआप सरकणारे आठ-दहा फोटो. हे मुख्य फाइलमध्येच राहतात. फोटोंना वेळ लावायची, बाकीच्या स्लाइड क्लिकवर ठेवायच्या.

तिसरा, प्रदर्शनात किंवा दालनाच्या दारात दिवसभर एकटाच चालणारा शो. इथे कुणी चुकून माउसला हात लावला तरी काही बिघडता कामा नये. सेटिंग सगळ्यात कडक इथेच लागतं.

याच वेळी पडद्याचं प्रमाण विचारून घ्या. आजचे बहुतेक टीव्ही १६:९ चे असतात. जुने प्रोजेक्टर मात्र ४:३ चे निघतात, आणि तुमची १६:९ ची स्लाइड तिथे वरखाली काळ्या पट्ट्या घेऊन येते. प्रमाण ठाऊक नसेल तर १६:९ धरा.

२. फोटो बाहेरच तयार करा

मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो, आणि फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० पिक्सेलच दिसतात. उरलेला भार फाइल नुसताच वाहते. चार एमबीचे ६० फोटो म्हणजे २४० एमबी. जुन्या लॅपटॉपवर अशी फाइल उघडायलाच वेळ घेते आणि फोटो बदलताना झटके देते. तेच फोटो १९२० पिक्सेल रुंदीला आणून जेपेग ८५ दर्जाला साठवले तर प्रत्येकी साधारण अर्धा एमबी होतात, आणि पडद्यावर डोळ्याला फरक कळत नाही.

एकेक फोटो लहान करत बसू नका. इरफानव्ह्यूसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'बॅच कन्व्हर्जन' आहे. लांब बाजू १९२० द्या, प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय चालू ठेवा आणि लहान फोटो मोठे न करण्याचा पर्यायही चालू करा. हा शेवटचा पर्याय विसरला की ६०० पिक्सेलचा जुना फोटो ताणून १९२० चा होतो, आणि पडद्यावर त्याचे चौकोन दिसतात.

सावधान: लहान केलेले फोटो नव्या फोल्डरमध्ये साठवा. मूळ फोल्डरमध्येच साठवलेत तर मूळ फोटो कायमचे जातात.

आता कापणं. मोबाइलचा आडवा फोटो ४:३ असतो. तो १६:९ मध्ये भरायचा तर उंचीचा पाव भाग, म्हणजे २५ टक्के कापावा लागतो. कॅमेऱ्याच्या ३:२ फोटोत हेच नुकसान १६ टक्क्यांच्या आसपास असतं. निसर्गदृश्यात ते चालतं. समूहाच्या फोटोत मागच्या रांगेची डोकी जातात, किंवा पुढे बसलेल्यांचे पाय. म्हणून माणसांचे फोटो आपोआप कापणाऱ्या पर्यायावर कधीही सोडू नका. ज्या फोटोत डोकी वरच्या कडेला टेकलेली आहेत तो कापूच नका. बाजूला काळी पट्टी आलेली बरी.

आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात असू शकतात, आणि जुन्या विंडोजवर ते उघडत नाहीत. आधी जेपेग करा. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखे पाठवलेले फोटो दाबले गेलेले असतात. मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ प्रत मिळते.

एक चूक मात्र फाइल उघडेपर्यंत लक्षात येत नाही. फोटो मोबाइलमध्ये सरळ दिसतो आणि स्लाइडवर आडवा पडतो. मोबाइलने फोटो फिरवलेला नसतो, 'हा फिरवून दाखवा' एवढी खूण फाइलमध्ये ठेवलेली असते, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर ती वाचतंच असं नाही. असे फोटो आत्ताच फिरवून पुन्हा साठवा.

तपासा: नव्या फोल्डरमध्ये सगळे जेपेग आहेत, सरळ आहेत आणि एकूण आकार फोटोंच्या संख्येच्या अर्ध्याच्या जवळपास एमबी आहे.

३. फोटोंना क्रमांकाची नावं द्या

क्रम फोल्डरमध्येच लावला तर आत गेल्यावर एकेक स्लाइड ओढत बसावं लागत नाही. नावाच्या सुरुवातीला तीन अंकी क्रमांक टाका: ००१, ००२, ००३. नुसते १, २, ३ टाकले तर काही ठिकाणी १ नंतर १० येतो, मग ११, आणि २ थेट बाराव्या जागी जातो. अंक इंग्रजी कळफलकावरचे टाका, देवनागरी नकोत.

क्रमांक दहाच्या उड्यांनी दिले तर आणखी सोयीचं: ०१०, ०२०, ०३०. नंतर एखादा राहिलेला फोटो आला की त्याला ०२५ देऊन मध्ये बसवता येतो आणि पुढच्या सगळ्यांची नावं बदलावी लागत नाहीत. राहिलेला फोटो येतोच, हे धरूनच चाला.

ओळीने आठ-दहा फोटो एकाच कोनातून घेतलेले असतील तर त्यातला एकच ठेवा. हाताने सरकवताना वक्ता असे फोटो भराभर मागे टाकतो. आपोआप चालणारा शो मात्र प्रत्येकाला तेवढाच वेळ देतो, आणि शो अडकला की काय असं बघणाऱ्याला वाटू लागतं.

४. फाइल उभी करा

'इन्सर्ट' टॅबवर 'फोटो अल्बम' आणि त्यात 'न्यू फोटो अल्बम'. 'फाइल/डिस्क' दाबून फोल्डर उघडा, कंट्रोल आणि ए दाबून सगळे फोटो निवडा, 'इन्सर्ट' करा. यादीत क्रम बरोबर आहे का ते इथेच पाहा. चुकला असेल तर फोटोपुढच्या चौकोनात खूण करून खालच्या बाणांनी तो वरखाली करता येतो. 'पिक्चर लेआउट'मध्ये 'फिट टू स्लाइड' ठेवा आणि 'क्रिएट' दाबा. साठ फोटोंच्या साठ स्लाइड काही क्षणांत तयार होतात.

तयार झाल्यावर लगेच तीन गोष्टी करा.

पहिली स्लाइड पाहा. तिथे 'फोटो अल्बम' अशी इंग्रजी पाटी आणि त्याखाली संगणकावर नोंदलेलं वापरकर्त्याचं नाव आलेलं असतं. ती काढा किंवा बदला. पडद्यावर भलत्याचंच नाव झळकतं ते इथूनच.

'डिझाइन' टॅबवर 'स्लाइड साइज' तपासा. १६:९ म्हणजे ३३.८६७ × १९.०५ सेंमी. बदलायचं असेल तर आत्ताच. मांडणी झाल्यावर प्रमाण बदललं की फोटो लहान होतात किंवा कडेबाहेर जातात, आणि एकेक पुन्हा लावावा लागतो.

'फॉरमॅट बॅकग्राउंड'मध्ये एकरंगी काळा भरून 'ॲप्लाय टू ऑल' करा. अंधाऱ्या खोलीत पांढरी पार्श्वभूमी फोटोपेक्षा जास्त चमकते. काळ्यावर फोटोची कड विरून जाते.

सावधान: नंतर पुन्हा 'एडिट फोटो अल्बम'मध्ये जाऊन 'अपडेट' दाबू नका. तुम्ही हाताने केलेली मांडणी त्यात बिघडू शकते. एखादा फोटो वाढवायचा असेल तर नेहमीसारखी नवी स्लाइड घ्या आणि त्यात फोटो टाका.

भाषणाच्या मध्ये घालायचे फोटो असतील तर अल्बमच्या या स्लाइड कॉपी करून मुख्य फाइलमध्ये पेस्ट करा. पेस्ट करताना 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' निवडा, नाहीतर काळी पार्श्वभूमी जाऊन मुख्य फाइलची येते.

५. उभे फोटो आणि खालची ओळ

उभा फोटो एकटाच मधोमध ठेवला तर पडद्याचा अर्ध्याहून अधिक भाग रिकामा राहतो. विषय जुळत असेल तर दोन उभे फोटो शेजारी लावा. मोजमाप असं: ३:४ चा फोटो स्लाइडच्या पूर्ण उंचीला, म्हणजे १९.०५ सेंमीला नेला की त्याची रुंदी १४.२९ सेंमी होते. दोन मिळून २८.५८. उरले साधारण ५.२९ सेंमी, त्याच्या तीन सारख्या पट्ट्या केल्या की प्रत्येकी १.७६. म्हणजे पहिल्या फोटोची आडवी जागा १.७६ सेंमी आणि दुसऱ्याची १७.८१. हे आकडे 'फॉरमॅट पिक्चर'च्या 'साइज अँड प्रॉपर्टीज' भागात टाका. डोळ्याच्या अंदाजाने लावलेले फोटो एका स्लाइडवर ठीक दिसतात, पण पुढच्या स्लाइडवर पट्टी जराशी हलली की ते लगेच जाणवतं.

जोडी जमत नसेल तर त्याच फोटोची दुसरी प्रत घ्या, स्लाइडची रुंदी भरेल इतकी मोठी करा, कडेबाहेरचा भाग कापा, 'आर्टिस्टिक इफेक्ट्स'मधून धूसर करा आणि 'सेंड टू बॅक' करून मागे पाठवा. वर मूळ फोटो तसाच राहतो. दोन-तीन फोटोंसाठी हे छान दिसतं. वीस फोटोंना केलं की कंटाळवाणं होतं आणि फाइलही फुगते.

फोटो मोठा करताना नेहमी कोपरा धरून ओढा. बाजूची कड ओढली की माणसं लठ्ठ किंवा लांबुळकी होतात. ज्याने ओढलं त्याला ते दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसतं.

फोटोखाली ओळ लिहायची असेल तर एकच ओळ, सात-आठ शब्दांपर्यंत, अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. पांढरं अक्षर थेट फोटोवर ठेवू नका. खाली काळी पट्टी घ्या, तिची पारदर्शकता ३० ते ४० टक्के ठेवा आणि तिच्यावर अक्षर घ्या. आकाश पांढरं असलेल्या फोटोवरही मग ओळ वाचता येते.

देवनागरी ओळी युनिकोडमध्येच लिहा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली ओळ दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग होऊन दिसते. निर्मला यूआय हा फॉन्ट विंडोजबरोबर येतो, त्यामुळे धोका कमी. वेगळा फॉन्ट हवाच असेल तर 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह' भागात 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' चालू करा.

६. वेळ: पहिला खटका

इथे सावकाश जा, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

ट्रान्झिशन म्हणजे एक स्लाइड जाऊन दुसरी येण्याची पद्धत. 'ट्रान्झिशन्स' टॅबवर उजवीकडे 'टायमिंग' नावाचा भाग आहे. त्यात वेळेचे दोन रकाने आहेत. 'ड्युरेशन' म्हणजे एक फोटो जाऊन दुसरा यायला लागणारा वेळ. 'आफ्टर' म्हणजे फोटो पडद्यावर थांबण्याचा वेळ. सहा सेकंद 'आफ्टर'मध्ये लिहायचे असतात. ते 'ड्युरेशन'मध्ये लिहिले की फोटो सहा सेकंद नुसता उमटतच राहतो, नीट दिसतो न दिसतो तोवर पुढचा उमटू लागतो.

'आफ्टर'चा रकाना मिनिटं, मग सेकंद, मग सेकंदाचे शतांश असा आहे. ००:०६.०० म्हणजे सहा सेकंद. घाईत ०६:०० लिहिलं तर सहा मिनिटं झाली, आणि शो पहिल्याच फोटोवर 'अडकला'.

किती सेकंद द्यायचे? ओळ नसलेल्या साध्या फोटोला ५ ते ६. ओळ असेल तर ८. समूहाचा फोटो असेल तर १० द्या, कारण बघणारा त्यात चेहरे शोधतो, आणि पाच सेकंदांत फोटो गेला की नाराज होतो. तीन सेकंदांच्या खाली कुठेच जाऊ नका.

क्रम असा ठेवा:

पहिल्या फोटोची स्लाइड निवडा. ट्रान्झिशन 'फेड' घ्या, 'ड्युरेशन' एक सेकंद. 'आफ्टर'वर खूण करून ००:०६.०० लिहा. 'ऑन माउस क्लिक'चं काय करायचं ते पहिल्या पायरीवरून ठरवा: शो एकटा चालणार असेल तर ती खूण काढा, माणूस जवळ असेल तर ठेवा. दोन्ही खुणा असतील तर क्लिक किंवा वेळ, जे आधी होईल त्यावर स्लाइड सरकते. मग 'ॲप्लाय टू ऑल'.

आता ज्यांना वेगळी वेळ हवी त्या स्लाइड एकेक निवडून बदला.

सावधान: यानंतर 'ॲप्लाय टू ऑल'ला हात लावू नका. ते बटण समोरच्या स्लाइडचं सगळं, म्हणजे ट्रान्झिशन, ड्युरेशन आणि वेळ, सर्व स्लाइडवर थापतं. अर्धा तास लावलेल्या वेगवेगळ्या वेळा एका क्लिकमध्ये जातात. 'रिहर्स टायमिंग्ज'चंही तसंच. शेवटी 'वेळा साठवायच्या का' या प्रश्नाला 'येस' म्हटलं की आधीच्या वेळा पुसल्या जातात.

भाषणाच्या मध्ये घातलेल्या फोटोंसाठी मात्र 'ॲप्लाय टू ऑल' वापरायचंच नाही. डावीकडच्या पट्टीत पहिला फोटो निवडा, शिफ्ट धरून शेवटचा निवडा आणि मग वेळ लिहा. ती निवडलेल्यांनाच लागते. शेवटच्या फोटोची 'आफ्टर'ची खूण काढा आणि 'ऑन माउस क्लिक'ची ठेवा. शो तिथे थांबेल आणि वक्ता बोलणं संपवून क्लिक करेल. हे विसरलं तर वक्ता अजून शेवटच्या फोटोवर बोलत असतानाच पुढची आकडेवारीची स्लाइड उघडी पडते.

अनेक प्रकारची ट्रान्झिशन वापरू नका. पान उलटणं, घन फिरणं, फुटून विखुरणं हे तिसऱ्या वेळी त्रासदायक होतं, आणि फेरीत चालणाऱ्या शोमध्ये ते शंभर वेळा दिसतं. 'फेड' पुरेसं आहे.

स्लाइडवर ॲनिमेशन असेल तर त्याची सुरुवात 'विथ प्रीव्हियस' किंवा 'आफ्टर प्रीव्हियस' ठेवा. क्लिकवर सुरू होणारं एकही नको. ॲनिमेशनची लांबी 'आफ्टर'पेक्षा जास्त असेल तर स्लाइड ते संपेपर्यंत थांबते आणि तुमचं गणित चुकतं.

तपासा: 'व्ह्यू' टॅबवर 'स्लाइड सॉर्टर' उघडा. प्रत्येक छोट्या स्लाइडखाली तिची वेळ लिहिलेली दिसते: ००:०६, ००:०६, ००:१०. एखाद्या स्लाइडखाली आकडा नसेल तर शो तिथेच थांबणार. साठ स्लाइड तपासायला अर्धा मिनिट लागतो, आणि कार्यक्रमातला बहुतेक घोटाळा या अर्ध्या मिनिटात पकडता येतो.

एकूण लांबीचा हिशेब करून ठेवा. ३६ फोटो, प्रत्येकी ६ सेकंद म्हणजे २१६ सेकंद. फेडचा एकेक सेकंद धरला तर आणखी ३६. एकूण २५२ सेकंद, म्हणजे ४ मिनिटं १२ सेकंद. हा अंदाज आहे. नेमकी लांबी एकदा घड्याळ लावून मोजा, पुढच्या पायरीत लागेल.

७. संगीत, हवंच असेल तर

पहिली स्लाइड निवडा, 'इन्सर्ट', 'ऑडिओ', 'ऑडिओ ऑन माय पीसी'. आवाजाचं चिन्ह निवडलेलं असताना 'प्लेबॅक' टॅबवर 'प्ले इन बॅकग्राउंड' दाबा. यामुळे आवाज आपोआप सुरू होणं, सगळ्या स्लाइडवर चालू राहणं, संपल्यावर पुन्हा लागणं आणि चिन्ह लपणं ही चारही कामं एकदम होतात. हे न दाबता नुसता आवाज टाकला तर तो क्लिकची वाट बघतो, किंवा दुसऱ्या स्लाइडला बंद पडतो.

शोची फेरी पुन्हा पहिल्या स्लाइडवर आली की संगीतही पहिल्यापासून लागू शकतं. म्हणून 'ट्रिम ऑडिओ'ने तुकडा शोच्या लांबीइतका करा आणि 'फेड आउट' तीन सेकंद द्या, म्हणजे सूर मध्येच तुटल्यासारखा वाटत नाही. दोन-तीन तुकडे हवे असतील तर ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून एकच फाइल करा. सार्वजनिक ठिकाणी वाजवायचं संगीत वापरायची परवानगी आहे का, तेही आधीच पाहा.

लोक बसत असताना चालणाऱ्या शोला संगीत नसलेलंच चांगलं. माणसं एकमेकांशी बोलत असतात, आणि मागचा आवाज वाढला की त्यांचाही वाढतो.

८. वापर आणि फेरी: दुसरा आणि तिसरा खटका

'स्लाइड शो' टॅबवर 'सेट अप स्लाइड शो' उघडा.

'ॲडव्हान्स स्लाइड्स'खाली 'यूजिंग टायमिंग्ज, इफ प्रेझेंट' निवडलेलं हवं. हा दुसरा खटका. इथे 'मॅन्युअली' असेल तर तुम्ही लावलेल्या सगळ्या वेळा फाइलमध्ये असतात, पण शो त्यांच्याकडे बघतही नाही. टॅबवर बाहेर दिसणारी 'यूज टायमिंग्ज' ही खूण म्हणजे हीच गोष्ट. कुणीतरी सराव करताना ती काढतो आणि परत लावायला विसरतो.

'लूप कंटिन्युअसली अंटिल एस्क' हा तिसरा खटका. हा नसेल तर शेवटच्या फोटोनंतर काळा पडदा येतो आणि शो संपतो.

दिवसभर एकट्याने चालणाऱ्या शोसाठी वर 'शो टाइप'मध्ये 'ब्राउझ्ड ॲट अ किऑस्क' निवडा. फेरी त्यात आपोआप लागते, आणि माउसच्या क्लिकने स्लाइड सरकत नाही. त्यात धोकाही तोच आहे: एखाद्या स्लाइडला वेळ लावायची राहिली असेल तर ती क्लिकनेही हलत नाही, एस्केप दाबूनच बाहेर पडावं लागतं. म्हणून स्लाइड सॉर्टरची तपासणी झाल्याशिवाय किऑस्क लावू नका.

सावधान: भाषणाच्या फाइलला किऑस्क किंवा फेरी कधीही लावू नका. वक्त्याची क्लिक चालणार नाही, किंवा आभाराच्या स्लाइडनंतर पुन्हा पहिली स्लाइड येईल.

भाषणाच्या मधल्या एखाद्याच स्लाइडवर फोटो फिरत राहायला हवे असतील तर फेरीचा खटका कामाचा नाही, तो सगळ्या शोला लागतो. त्या फोटोंचा वेगळा व्हिडिओ करा आणि तो त्या स्लाइडवर टाका. 'प्लेबॅक'मध्ये 'स्टार्ट: ऑटोमॅटिकली' आणि 'लूप अंटिल स्टॉप्ड' ठेवा. वक्त्याने क्लिक करेपर्यंत तो फिरत राहतो.

९. साठवताना तीन प्रती

पीपीटीएक्स ही कामाची फाइल. बदल नेहमी हिच्यातच करायचे. 'सेव्ह ॲज'मधून पीपीएसएक्स प्रकारची दुसरी प्रत काढा. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की थेट शो सुरू होतो, आणि लावणाऱ्याला पॉवरपॉइंट येत नसलं तरी चालतं.

तिसरी प्रत व्हिडिओची: 'फाइल', 'एक्स्पोर्ट', 'क्रिएट अ व्हिडिओ'. दर्जा फुल एचडी, आणि त्याखाली 'यूज रेकॉर्डेड टायमिंग्ज अँड नॅरेशन्स' निवडा. ते निवडलं नाही तर तुमच्या वेळा बाजूला राहतात आणि प्रत्येक स्लाइडला खालच्या रकान्यातले सेकंद लागतात. न बदलता ते पाच असतात. तयार होत असलेल्या व्हिडिओची पट्टी पॉवरपॉइंटच्या तळाशी सरकत असते. ती संपण्याआधी पॉवरपॉइंट बंद केलं तर अर्धवट, न चालणारी फाइल हाती येते.

व्हिडिओत फेरीचा खटका जात नाही. पुन्हा पुन्हा चालवण्याचं सेटिंग व्हिडिओ प्लेअरमध्ये किंवा टीव्हीच्या यूएसबी मेनूमध्ये लावावं लागतं. टीव्हीला थेट पेन ड्राइव्ह लावायचा असेल तर एमपी४ व्हिडिओच न्या. आणि व्हिडिओचा शेवट पुन्हा सुरुवातीला जोडला जातो तिथे डोळ्याला झटका बसतो. फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक रिकामी काळी स्लाइड दोन सेकंदांची ठेवली की तो लपतो.

१०. जिथे चालणार त्याच यंत्रावर, दोन पूर्ण फेऱ्या

एक फेरी पुरत नाही. शेवटून पहिल्यावर येताना काय होतं, संगीत कसं जोडलं जातं, हे दुसऱ्या फेरीतच कळतं.

लॅपटॉप चार्जरवर लावा. विंडोजच्या 'पॉवर' सेटिंगमध्ये पडदा आणि स्लीप दोन्ही 'नेव्हर' करा, स्क्रीनसेव्हर बंद करा. विंडोज ११ मध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' आणि विंडोज १० मध्ये 'फोकस असिस्ट' चालू करा, नाहीतर खासगी संदेश फोटोवर येऊन बसतात. विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडा. 'एक्स्टेंड' ठेवायचं असेल आणि मोठ्या पडद्यावर पुढच्या स्लाइडसकट वक्त्याची खिडकी दिसू लागली, तर 'यूज प्रेझेंटर व्ह्यू'ची खूण काढा.

मग सभागृहात सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसून फोटोखालच्या ओळी वाचा. न वाचता येणारी ओळ काढूनच टाका.

शो चालू असताना एस दाबलं की आपोआप सरकणं थांबतं आणि पुन्हा दाबलं की सुरू होतं. बी दाबलं की पडदा काळा होतो. किऑस्क प्रकारात यावर अवलंबून राहू नका.

ऐन वेळी अडकला तर

पहिल्याच फोटोवर थांबला: आधी 'यूज टायमिंग्ज'ची खूण पाहा, मग त्या स्लाइडचा 'आफ्टर'. मधल्याच फोटोवर थांबला तर त्या एका स्लाइडची वेळ राहिली आहे, किंवा सेकंदांऐवजी मिनिटं लिहिली गेली आहेत. एखादा फोटो दिसलाच नाही तर ती स्लाइड लपवलेली आहे, सॉर्टरमध्ये तिच्या क्रमांकावर तिरकी रेघ असते. फोटोच्या जागी लाल फुली आली तर फोटो आत न टाकता 'लिंक टू फाइल'ने जोडला आहे आणि मूळ फोल्डर या संगणकावर नाही. काहीच सापडत नसेल आणि लोक आत येऊ लागले असतील, तर व्हिडिओची प्रत लावा. तिसरी प्रत ठेवायची ती यासाठीच.

इंप्रेस, कीनोट आणि गूगल स्लाइड्समध्ये

लिब्रेऑफिस इंप्रेसमध्ये 'इन्सर्ट', 'मीडिया', 'फोटो अल्बम'. वेळ 'स्लाइड ट्रान्झिशन'च्या पट्टीत, फेरी 'स्लाइड शो सेटिंग्ज'मध्ये 'लूप अँड रिपीट आफ्टर' इथे. तिथल्या आकड्याकडे लक्ष द्या. तो दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीचा आहे, एका फोटोच्या वेळेचा नाही. विश्रांती नको असेल तर शून्य करा.

कीनोटमध्ये 'डॉक्युमेंट' पट्टीत प्रेझेंटेशनचा प्रकार 'सेल्फ प्लेइंग' करा आणि 'लूप स्लाइडशो'वर खूण करा.

गूगल स्लाइड्समध्ये शो सुरू केल्यावर खालच्या पट्टीतल्या तीन ठिपक्यांत 'ऑटोप्ले' आहे. सेकंद निवडा, 'लूप' लावा, 'प्ले' दाबा. सगळ्या स्लाइडना एकच वेळ मिळते, समूहफोटोला दहा आणि बाकीच्यांना सहा असं करता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे ज्याला जास्त वेळ हवा त्या स्लाइडची दुसरी प्रत लगेच पुढे ठेवायची आणि तिचं ट्रान्झिशन काढायचं. 'पब्लिश टू वेब' वापरत असाल तर लक्षात ठेवा, ज्याच्या हाती दुवा पडेल त्याला ते सगळे फोटो दिसतात. मुलांचे किंवा घरगुती फोटो असतील तर तो मार्ग टाळा, आणि इंटरनेटची खात्री नसेल तिथेही पीपीएसएक्स किंवा व्हिडिओच न्या.